अचलपूरचा डास आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

पोळ्याला चार-पाच दिवस असतील. सकाळची गर्दी ओसरली होती आणि मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात झरी-जामणीकडच्या एका पोडावरची म्हातारी आपल्या पंचविशीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात शिरली. बाहेर ऊन तापलेले, आणि हा पठ्ठ्या दोन पांघरुणे लपेटून कुडकुडत होता. दात एकमेकांवर आपटत होते.

"डाक्टरसाहेब, याले एक दिवस ताप येते, एक दिवस नाई येत. आता तिसरी खेप झाली," म्हातारी म्हणाली.

एक दिवसाआड थंडी वाजून ताप, नंतर घाम, आणि मधल्या दिवशी माणूस चांगला हिंडता-फिरता. आपल्या आजीच्या भाषेत हाच एकांतरा. मी जुने कागद मागितले. कागद पाहिले आणि मलाच ओशाळल्यासारखे झाले. जुलैत तो माझ्याकडेच आला होता. त्याआधी गडचिरोलीकडे पुलाच्या कामावर मजुरीला होता. तिकडून आल्यावर पहिला ताप आला, कुठेतरी सुया टोचून उतरला. दुसरा ताप आला तेव्हा मी रक्त तपासले होते. हिवताप निघाला, ‘व्हायवॅक्स’ जातीचा. क्लोरोक्वीन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस, असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

"गोळ्या पूर्ण घेतल्या का?" मी विचारले.

पोरगा खाली पाहू लागला. म्हातारीच बोलली, "ताप तं चवथ्या दिवशी उतरला न जी. मंग गोया कायले खाईन? सहा दिवस खाल्ल्या. राहिलेल्या डब्यात ठेवल्या, पुढच्या खेपीले कामी येतीन म्हणून."

तिचे काय चुकले? आपल्याकडे औषध वाया घालवत नाहीत. चूक माझी होती. त्या दिवशी बाहेर चाळीस पेशंट बसलेले, मी ‘चौदा दिवस घ्यायच्या हं’ एवढेच म्हणून पुढच्याला बोलावले होते. ताप गेल्यावरही गोळ्या का खायच्या, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी दिली नाहीत.

गोष्ट इथेच संपली असती तर आजचा लेख कदाचित लिहिलाही नसता. जाता जाता म्हातारीने सांगितले की घरी सुनेलाही दोन दिवसांपासून कणकण आहे. सून सात महिन्यांची गरोदर होती.

ती दोन मिनिटे आज सगळ्याच वाचकांना देतो.

हिवतापाचा जंतू ‘प्लाझमोडियम’ या वर्गातला. आपल्याकडे मुख्यतः त्याच्या दोन जाती, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. अ‍ॅनोफिलिस डासाची मादी चावली की तिच्या लाळेतून हे जंतू रक्तात येतात आणि थोड्याच वेळात यकृतात जाऊन दडतात. तिथे आठ-दहा दिवस वाढतात, मग हजारोंच्या संख्येने रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतात. पेशी फुटल्या की थंडी वाजते. दर अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फुटतात, म्हणून ताप एक दिवसाआड. अर्थात हे पुस्तकातले झाले. सुरुवातीच्या दिवसांत ताप रोजही येतो, फाल्सिपेरममध्ये तर तो कोणताच नेम पाळत नाही.

पण व्हायवॅक्सची खरी खोड वेगळी आहे. त्याचे काही जंतू यकृतातून बाहेर पडतच नाहीत. तिथेच झोपून राहतात, काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभरसुद्धा. क्लोरोक्वीन रक्तातले जंतू मारते, म्हणून ताप उतरतो. यकृतात झोपलेल्यांना तिचा धक्काही लागत नाही. त्यांच्यावर चालते ती प्रायमाक्विन, आणि तिला पुरते काम करायला चौदा दिवस लागतात. गहू कापून नेला, पण हरळीच्या काशा जमिनीत तशाच राहिल्या, तर पुढच्या पावसात शेत पुन्हा हिरवे होणारच. आपल्या शेतकऱ्याला हे याहून जास्त सांगायला नको.

यकृतातला हा मुक्काम माणसाला फार उशिरा कळला. रक्तातला जंतू फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० साली अल्जीरियात पाहिला. डासाच्या पोटातला जंतू रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला पाहिला, म्हणजे आपल्या पांढरकवड्याहून हमरस्त्याने एका दिवसात पोहोचता येईल अशा गावी. हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा देऊन ते स्वतःला चावून घ्यायला लावत. शोधाचे नोबेल रॉसना १९०२ साली मिळाले. यकृतातील अवस्था मात्र १९४८ साली लंडनमध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवली.

या इतिहासात आपल्या वऱ्हाडाचेही एक पान आहे, आणि ते फारसे कुणी वाचत नाही. रॉस यांच्या शोधानंतर लगेचच ग्लेन लिस्टन नावाचे एक तरुण डॉक्टर एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, होते. त्यांनी वर्षभर तिथल्या अ‍ॅनोफिलिस डासांच्या सवयी टिपल्या. कुठे अंडी घालतात, कुठल्या पाण्यात वाढतात, केव्हा घरात येतात. १९०१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि तिथल्या एका नव्या जातीला स्टीफन्स या संशोधकाच्या नावावरून ‘स्टीफेन्सी’ असे नाव दिले. हेच लिस्टन पुढे मुंबईत प्लेग आणि पिसवा यांच्या संशोधनासाठी नावाजले.

अचलपूरचा हा डास मोठा शहरी वृत्तीचा. विहिरी, हौद, गच्चीवरच्या टाक्या, पाण्याचे ड्रम हे त्याचे माहेर. मुंबईचा हिवताप मुख्यतः त्याचाच. नळाला आठ-पंधरा दिवस पाणी येत नाही म्हणून आपण घरात ड्रम भरून ठेवतो, ते त्याच्या पथ्यावर पडते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने जी टंचाई पाहिली, तेव्हा घरोघरी पाण्याची साठवण किती झाली होती ते आठवा. आणि हा डास आता दर्यापार गेला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला, मग इथिओपिया आणि सुदानमध्ये. आफ्रिकेतला जुना हिवताप खेड्यांतला. हा पाहुणा तो शहरांत नेईल या धास्तीने जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याच्याविरुद्ध खास मोहीम सुरू केली. एका वऱ्हाडी गावात पहिल्यांदा वर्णन झालेल्या डासाने जिनिव्हाची झोप उडवावी, याची मला उगाचच गंमत वाटते.

आपल्या खेड्यांत मात्र खरा गुन्हेगार दुसरा, ‘क्युलिसिफेसीज’. नाव अवघड आहे, पण त्याचे वागणे सोपे. नाल्यातले साचलेले डोह, कालव्याच्या कडेचे पाणी, धानाची बांधी, असे उन्हातले स्वच्छ पाणी त्याला लागते. गटारातल्या काळ्या पाण्यातले डास चावून हैराण करतात, पण हिवताप बहुधा ते देत नाहीत. क्युलिसिफेसीजला गुरांचे रक्त अधिक प्रिय. माणूस त्याच्या ताटातला दुसरा पदार्थ. रक्त पिऊन जड झाला की गोठ्याच्या नाहीतर घराच्या भिंतीवर बसून राहतो.

भिंतीवर बसण्याच्या याच सवयीवर देशाची एक मोठी मोहीम उभी राहिली. डासाच्या पोटात जंतू तयार व्हायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढे दिवस जगलेली मादीच हिवताप देऊ शकते. ती भिंतीवर बसते त्या जागी औषध असेल, तर म्हातारी होण्याआधीच मरेल. सगळे डास मारायची गरजच नाही. १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड आणि कारवारकडच्या भागांत घराघरांत डी.डी.टी. फवारून हे करून दाखवले. तोच धडा घेऊन १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख माणसे मरत होती. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. हिवताप संपला, असे लोक म्हणू लागले.

आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

कारणे बरीच होती. डासांना डी.डी.टी. पचू लागली होती. औषधाचा पुरवठा वेळेवर होईना. पण मला मोठे कारण वाटते ते म्हणजे आजार कमी दिसू लागला तशी माणसांची नजर हलली. फवारणीवाले मी लहानपणी पाहिले आहेत. खाकी कपडे, हातपंप, भिंतीवर पांढरी भुकटी. जाताना दारावर तारीख लिहून जात. आमची आई त्यांच्यावर चिडलेली असे, कारण भिंती खराब होत आणि वासही येई. ते वळणावर दिसेनासे झाले की ती शेणामातीचा पोतेरा घेऊन भिंत सारवायला लागायची! सहा महिन्यांचे संरक्षण अर्ध्या तासात झाकले जायचे. गावात सगळ्याच घरी असे. आईला कुणी सांगितलेच नव्हते की ती पांढरी भुकटी तिथे कशासाठी आहे. पुन्हा तीच दोन मिनिटे.

कीटकनाशकांचा विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्यापुरते एक बोलतो. शेतात जे फवारले जाते तेही शेवटी पाण्यात उतरते आणि डासांच्या अळ्यांना त्याची सवय होते, असे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. कपाशीवर वर्षानुवर्षे झालेल्या फवारणीचा हा न दिसणारा हिशेब आहे. त्याहून वाईट म्हणजे कपाशीचे औषध पातळ करून घरात डासांसाठी मारणारे लोक मी पाहिले आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात किती घरे उघडी पडली, हे यवतमाळच्या माणसाला सांगावे लागू नये. शेतातले विष घरात आणू नका. जिथे बाळ झोपते तिथे तर नाहीच.

असो. आज परिस्थिती बरीच पालटली आहे, हेही सांगितले पाहिजे. १९९५ साली देशात एकोणतीस लाखांवर रुग्ण होते, २०२३ साली ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. मी इंटर्न होतो तेव्हा कुठलाही ताप आला की क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या द्यायच्या आणि काचपट्टी तालुक्याला पाठवायची अशी रीत होती. काचपट्टीचा निकाल येईपर्यंत पंधरा दिवस जात. तोवर रोगी एकतर बरा झालेला असे, नाहीतर हाताबाहेर गेलेला. आता आशाताईच्या पिशवीत तपासणीची पट्टी असते. बोटाच्या एका थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत कळते, हिवताप आहे की नाही आणि असल्यास कोणत्या जातीचा.

औषधेही बदलली. फाल्सिपेरम क्लोरोक्वीनला जुमानत नाही, हे आपल्या देशात प्रथम १९७३ साली आसामात दिसले. त्यावर उपाय निघाला चीनमध्ये. तू यूयू नावाच्या संशोधक बाईंनी जुन्या चिनी वैद्यकातल्या एका वनस्पतीतून १९७०च्या दशकाच्या आरंभी आर्टेमिसिनिन वेगळे काढले. २०१५ चे नोबेल त्यांना मिळाले. हे औषध जंतूंची संख्या झपाट्याने खाली आणते, पण एकटे दिले तर जंतू त्यालाही सरावतील. म्हणून ते नेहमी दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यायचे असते. एकट्याच आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर सरकारने २००९ मध्येच बंदी घातली. तरीही ‘ताप आहे, तीन सुया घेऊन टाका’ हा प्रकार अजून चालतो. यात आम्ही डॉक्टर मंडळीच दोषी आहोत. पेशंटला लवकर बरे वाटते, आम्हाला यश मिळते, आणि रक्त न तपासल्यामुळे तो डेंग्यू होता, स्क्रब टायफस होता की हिवताप, हे कुणालाच कळत नाही.

लसीबद्दल अनेक जण विचारतात. लस निघाली आहे, आणि ती आपल्या पुण्यात तयार होते. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांच्या ‘आर-२१’ या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. त्याआधीची ‘आरटीएस-एस’ नावाची लस २०२१ मध्ये मान्य झाली होती. आफ्रिकेतल्या लहान मुलांना या लसी आता टोचल्या जात आहेत. जगात २०२३ साली हिवतापाने सुमारे सहा लाख मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक तिथल्या पाच वर्षांखालच्या बाळांचे. त्यामुळे लस तिकडे आधी गेली हे योग्यच झाले. पण ती फक्त फाल्सिपेरमवर चालते, चार डोस लागतात आणि संरक्षण पूर्ण नसते. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात ती नाही. भुवनेश्वरच्या आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रातही एका नव्या लसीवर काम चालू आहे, ते अजून प्रयोगशाळेच्या पायरीवर आहे. तेव्हा लसीच्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवू नये.

मला स्वतःला लसीपेक्षा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्याचे काम अधिक शिकण्यासारखे वाटते. मुलूख आपल्यासारखाच, गोंडांचा, जंगलाचा. २०१७ पासून तिथल्या १२३३ गावांत दारोदार जाऊन ताप विचारायचा, तपासायचा, औषध द्यायचे आणि पुन्हा जाऊन ते खाल्ले का ते पाहायचे, एवढेच केले. त्या काळात तिथला हिवताप ९१ टक्क्यांनी घटला. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. आपल्या राज्यात आजही गडचिरोलीचा वाटा मोठा आहे, आणि मजूर जातात-येतात तसा जंतूही जातो-येतो. हिवतापाला जिल्ह्याची हद्द नसते.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. ज्याच्यात सिकलचा एकच दोष आहे, म्हणजे जो नुसता वाहक आहे, त्याला फाल्सिपेरमचा गंभीर आजार कमी होतो. हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवले. शेकडो पिढ्या हिवतापाच्या प्रदेशात राहिल्याची ती खूण आहे. पण ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याला हिवताप झाला तर ते फार धोक्याचे असते. अशा घरात ताप अंगावर काढू नका.

आता कामाचे. पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, रक्त तपासून घ्या. आशाताईकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व औषध फुकट आहे. बडबड, झटके, सतत उलट्या, डोळे पिवळे, धाप, लघवी कमी, यांपैकी काहीही दिसले तर गावातल्या सुईची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत. काही लोकांच्या रक्तात ‘जी-६-पी-डी’ नावाचा घटक कमी असतो, त्यांना या गोळीने लघवी चहासारखी काळपट होऊ शकते. तसे झाले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे या. बाकीच्यांनी मात्र ती पुडी संपवायचीच, आणि रिकाम्या पोटी घ्यायची नाही. हे औषध १९५०च्या दशकापासून आहे. एकाच डोसात काम करणारे टॅफेनोक्विन २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण त्याआधी रक्ताची खास तपासणी करावी लागते. आपल्या पोडांपर्यंत ते पोहोचेल तेव्हा पोहोचेल.

रानडुकरांपायी रात्री शेतात जागलीला जाणाऱ्यांची मला विशेष काळजी वाटते. घरी मच्छरदाणी आहे, पण हा माणूस मचाणावर उघडा. हा डास रात्रीच चावतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, कानाला गुंडाळायला दुपट्टा आणि मचाणाला बांधायला एक औषधी मच्छरदाणी एवढे तरी सोबत न्यावे. घराजवळच्या हौदात गप्पी मासे सोडावेत, ते आरोग्य केंद्रात मागितले तर मिळतात.

त्या सुनेचे रक्त दुसऱ्याच दिवशी तपासले. तिलाही व्हायवॅक्सच निघाला. घरातल्याच डासाने नवऱ्याचा जंतू तिला दिला, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण ती वर्षभर पोडाबाहेर कुठे गेली नव्हती. तिला क्लोरोक्वीन दिली. प्रायमाक्विन बाळंतपणानंतर. पुढे बाळ वेळेआधी, तीन आठवडे लवकर झाले, दोन किलोला थोडे कमीच भरले. हिवतापात बाळाचे वजन घटते हे माहीत आहे, या बाळाचे त्यानेच घटले का हे कोण सांगणार? दोघीही सुखरूप आहेत. मुलगी आहे.

म्हातारीला या वेळी मी खुर्चीवर बसवून सगळे सांगितले, हरळीच्या काशांसकट. ती ऐकून म्हणाली, "असं होय! मंग पैलेच सांगाचं न बाप्पा." महिन्याने मुलाला घेऊन आली तेव्हा पुडीचा रिकामा कागद पदराला बांधून आणला होता. रोज गोळी दिली की ती कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढत होती. चौदा रेघा झाल्या, मग सुनेने भिंत सारवली. मुलाची काचपट्टी पाहिली, जंतू नव्हता. अजून वर्षभर ताप आला तर सरळ इकडेच यायचे, असे सांगून ठेवले आहे.